गाणाऱ्याचा चेहरा



आमच्या शाळेंत ज्या खोलींत पेटी-तबला ठेवीत असत, त्या खोलीच्या भिंतीवर थोर गवयांचीं नऊ छायाचित्रें ओळीनें टांगलेलीं होतीं. पुण्यतिथीच्या दिवशीं त्यांना हार घालण्यांत येई आणि एरवीं त्यांच्यावर धूळ बसे. ही धूळही आमच्या राजूरची, म्हणजे निम्मी कोळशाची व निम्मी चुन्याची; त्यामुळें त्या कांचा वरचेवर पुसणें प्राप्तच असे. एकदां हें काम मीं चौथींतल्या एका मुलीकडे सोंपविलें. कांचा पुसून झाल्यावर ती मजजवळ आली व म्हणाली, "गुरुजी, हे सारे गाणारे होते न? मंग एकाचंही तोंड उघडं काऊन नाही?"

त्या वेळीं मीं तिला काय उत्तर दिलें तें आतां आठवत नाहीं. मास्तरांना ज्या प्रश्नाचें उत्तर येत नाहीं त्या प्रश्नाला ते जें उत्तर देतात, तसेंच कांहींतरी दिलें असावें. पण पुढें मी स्वतः त्या भिंतीकडे निराळ्या नजरेनें पाहूं लागलों. खरोखरच नऊच्या नऊ मंडळी तोंड मिटून, नजर समोर रोखून, न्यायालयांत साक्षीला उभीं राहिल्यासारखीं दिसत होतीं. ज्यांच्या एका तानेनें हजार माणसें डोलत, तीं हींच कां, असें अपरिचितानें विचारावें!

या प्रश्नाचें अर्धें उत्तर यंत्रविद्येंत आहे. १८३९ सालीं फ्रान्समध्यें दागेर याची कृति जगजाहीर झाली, तेव्हां चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटावयास कित्येक मिनिटें लागत. थोड्याच वर्षांत हा वेळ मिनिटाच्या आंत आला; आणि १८५१ मध्यें आर्चर नांवाच्या इंग्रजानें कांचेवर ओल्या द्रावणाचा थर देण्याची रीत प्रसिद्ध केल्यावर तो कांहीं सेकंदांवर येऊन ठेपला. पण कांहीं सेकंद म्हणजे किती, हें ज्यांना पहावयाचें असेल त्यांनीं आरशापुढें बसून, चेहरा हसरा करून, तो तसाच ठेवून आठपर्यंत आंकडे मोजावे. चवथ्या आंकड्याला हसूं मरतें, आणि सहाव्याला मनुष्य रडवेला दिसूं लागतो. म्हणून त्या काळचे फोटोग्राफर गिऱ्हाइकाच्या मानेमागें एक लोखंडी चिमटा उभा करून त्यांत डोकें अडकवीत आणि हसूं नका असें बजावीत. पोलंडचा जगद्विख्यात पियानोवादक शोपँ याचें बिसाँनें १८४९ च्या सुमारास घेतलेलें चित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. अंगांत जाड कोट, मांडीवर एकमेकांत धरलेले हात, आणि सुजल्यासारखा, त्रासलेला चेहरा. त्याच वर्षाच्या आक्टोबरांत तो वारला. तेव्हां दुखणेंही त्या चेहऱ्यांत असणारच. पण जीं बोटें पियानोवर पाण्यासारखीं वाहत असत असें त्याचे समकालीन लिहितात, तीं तेथें कुलूप घातल्यासारखीं निश्चल आहेत.

पुढें मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानें १८७१ सालीं कोरड्या कांचेची युक्ति सुचविली, ती दहा वर्षांच्या आंत बाजारांत आली, आणि चित्र सेकंदाच्या अल्प भागांत निघूं लागलें. म्हणजे यंत्र मोकळें झालें. माणूस मात्र मोकळा झाला नाहीं, आणि हें त्या मुलीच्या प्रश्नाचें उरलेलें अर्धें उत्तर होय. राजा दीनदयाळ यांनीं १८९६ सालीं मुंबईंत आपला स्टुडिओ थाटला, तेव्हां यंत्राला आठ सेकंदांची गरज उरलेली नव्हती. तरी देखील मोठ्या शहरांतील फोटोवाल्यांकडे रंगविलेला पडदा, नक्षीदार हातांची खुर्ची, फुलदाणीचें टेबल हीं कायमच राहिलीं. फोटो काढावयास जाणें म्हणजे जवळजवळ लग्नाला जाण्यासारखें होतें. नवी पगडी, इस्त्रीचा अंगरखा, मिळालीं असल्यास पदकें. आणि त्यांतच गवयाच्या मनांत आणखी एक गोष्ट असे. गाणें-बजावणें हा प्रतिष्ठितांचा धंदा नव्हे, असें मानणाऱ्या समाजापुढें आपण प्रतिष्ठित दिसावें, ही त्याची इच्छा असे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनीं संगीताला व संगीतकाराला मान मिळवून देण्यासाठीं जन्मभर झीज सोसली, हें आपण जाणतोंच. ती सारी धडपड त्या काळच्या फोटोंतील ताठ पाठीच्या कण्यांत उतरलेली आहे. तेव्हां त्यांना हसणें बरोबर नाहीं. तो ताठपणा त्यांनीं मोठ्या कष्टानें मिळविलेला होता.

परंतु त्याची किंमत आपणांस पडली, आणि ती फार मोठी पडली. गेसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्याला येऊन गाणीं भरून घेऊं लागला. पुढें पुष्कळ गवयांचा आवाज तबकड्यांवर आला, पण सर्वांचा नाहीं. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखांसाहेब १९४६ पर्यंत, म्हणजे ग्रामोफोन घरोघर झाल्यावरही पुष्कळ वर्षें, आपल्यांत होते. पण त्यांनीं तबकडी दिली नाहीं. १९२२ सालीं वारलेले गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचीही तीच गोष्ट. ज्यांनीं बालगंधर्वांना व मास्तर कृष्णरावांना शिकविलें, १९११ सालीं पुण्यास भारत गायन समाजाची स्थापना केली, त्या बुवांचा स्वर ऐकण्याचा मार्ग आज कोणालाही उपलब्ध नाहीं. केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्या गाण्यावरून खांसाहेबांच्या गाण्याचा अंदाज बांधावा, मास्तरांच्या गाण्यावरून बुवांचा. पण तो अंदाजच. उरतें काय, तर छायाचित्र. आणि तेंही बसविलेलें! त्यांत पोशाख मिळतो, वय मिळतें, नाकडोळे मिळतात. षड्ज लावण्यापूर्वीं बुवा डोळे मिटीत कीं उघडे ठेवीत, सम साधली म्हणजे ते तबलजीकडे पाहून हसत कीं श्रोत्यांकडे, हें त्यांत मिळत नाहीं. एखादा आगाऊ पोरगा त्या काळीं बुवांच्या तालमीच्या खोलींत यंत्र घेऊन शिरला असता आणि त्यानें एकच वांकडेंतिकडें चित्र काढून आणलें असतें, तर मी त्यावरून पदकांसहित सारे दरबारी फोटो ओंवाळून टाकले असते.

याला एक अपवाद मला दिसतो, तो नाटकांतील गायकांचा. बालगंधर्वांचीं स्त्रीवेषांतील छायाचित्रें पाहावीं. तींही बसविलेलींच, पण तेथें बसणें अवघडलेलें नाहीं, कारण भूमिका धारण करणें हाच ज्यांचा सहजधर्म, त्यांना कॅमेऱ्यापुढें उभें राहणें आणि रंगभूमीवर उभें राहणें यांत अंतर काय वाटणार? तरी या मुद्रांवर किती विश्वास ठेवावा, याविषयीं मी सावध असतों. १२ मार्च १९११ या दिवशीं किर्लोस्कर नाटक मंडळीनें 'मानापमान' प्रथम रंगभूमीवर आणलें, त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरीही त्यांनीं भामिनीची भूमिका केली. त्या रात्रीं समोर बसलेल्या शेंकडों डोळ्यांना त्या चेहऱ्यावर भामिनीच दिसली. एक कांचेचा डोळा तेथें असता तर त्यालाही बहुधा तीच दिसली असती.

मग गाणाऱ्याचा खरा चेहरा स्टुडिओच्या चार भिंतींत मिळवावा तरी कसा? रंगविलेला पडदा फाडून टाकणारा पहिला धीट मनुष्य पॅरिसचा नादार हा होय. तो मूळचा व्यंगचित्रकार. म्हणजे चेहरा वाचण्याची विद्या त्यानें आधींच केलेली होती. मागें साधा पडदा, हातीं फुलदाणी नाहीं कीं पुस्तक नाहीं, एका बाजूनें येणारा प्रकाश, आणि समोरच्या माणसाशीं चाललेलें बोलणें. अशा रीतीनें त्यानें रोसिनी, बर्लिओझ, लिस्ट या संगीतकारांचीं चित्रें घेतलीं. लिस्टचें चित्र १८८६ सालचें, मृत्यूपूर्वीं थोडेच महिने आधींचें. चेहऱ्यावरील चामखिळींसकट तो म्हातारा आपल्या समोर येतो. रोसिनीच्या डोळ्यांत तर खाण्यापिण्याची आवड असलेल्या माणसाचा मिस्किलपणा असा कांहीं उतरला आहे कीं, त्याचें संगीत ऐकलें नसलें तरी चालेल, त्याच्या घरीं जेवावयास जावें असें वाटतें.

विसाव्या शतकांत ही विद्या दोन दिशांनीं वाढली. पहिली दिशा चेहऱ्याला चिथावण्याची. कॅनडाचा कार्श यानें ३० डिसेंबर १९४१ रोजीं चर्चिलसाहेबांच्या तोंडांतील चिरूट क्षमा मागून उपटला आणि त्यांच्या चेहऱ्यावर उसळलेला संताप टिपला, ही गोष्ट सर्वतोमुखीं आहे. न्यूयॉर्कचा हाल्समन यानें तर नामांकित मंडळींना आपल्या स्टुडिओंत उड्याच मारावयास लावलें. उडी मारतांना मनुष्याचें लक्ष उडीकडे असतें, तोंडावरचा मुखवटा गळून पडतो, असा त्याचा सिद्धांत होता. त्या उड्यांचें एक पुस्तकही त्यानें १९५९ सालीं काढलें. आमच्या एखाद्या खांसाहेबांना 'जरा उडी मारा' असें सांगणाऱ्या फोटोग्राफरची नंतर काय अवस्था झाली असती, हें चित्र मात्र कोणी तरी काढावयास हवें होतें.

दुसरी दिशा थांबण्याची. तीही कार्शनेंच दाखविली, हें विशेष. १९५४ सालीं तो पाब्लो कासाल्स या थोर चेलोवादकाचें चित्र काढण्यासाठीं दक्षिण फ्रान्समधील प्राद येथें गेला. तेथील जुन्या, अंधाऱ्या मठांत त्यानें आपले दिवे मांडले. कासाल्स बाखची रचना वाजवूं लागला, आणि कार्श ऐकतां ऐकतां चित्र काढावयाचेंच विसरला. भानावर आल्यावर त्यानें जें चित्र घेतलें, तें कासाल्सच्या पाठीचें! ओकीबोकी दगडी भिंत, उंचावर एक झरोका, आणि चेलोवर झुकलेला एक टकला म्हातारा. चेहरा नाहींच. बोस्टनच्या संग्रहालयांत हें चित्र लागलें असतां एक गृहस्थ रोज येऊन त्यापुढें उभे राहत; चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांनीं दटावलें कीं, गप्प रहा, मी संगीत ऐकतों आहें. ही हकीकत स्वतः कार्शच सांगत असे. मला विचाराल तर संगीतकारांच्या बाबतींत मी या दुसऱ्या पंथाचा आहें. राजकारणी पुरुषाला डिंवचल्यावर तो खरा दिसत असेल; गवई डिंवचल्यावर केवळ रागावलेला मनुष्य दिसतो. तो गाण्यांत शिरला म्हणजेच तो दिसतो, आणि त्यासाठीं वाट पाहावी लागते.

वाट पाहणें म्हणजे नुसतें बसून राहणें नव्हे, हें आमच्या इकडच्या छायाचित्रकारांच्या कामावरून चांगलें ध्यानांत येतें. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यांत भरूं लागलेल्या महोत्सवांत सतीश पाकणीकरांनीं वर्षानुवर्षें गायक-वादकांचीं छायाचित्रें टिपलीं आणि त्यांच्या दिनदर्शिकाही काढल्या. दिल्लीचे अविनाश पसरिचा यांनीं हेंच काम जन्मभर केलें. रघु राय यांनीं भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व आदि थोरांचीं छायाचित्रें २०१० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. आतां या कामांतील मेख पहा. समेवर येतांना गायकाच्या चेहऱ्यावर जें उमटतें तें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच मावळतें. डोळ्यांनीं पाहून बोटानें कळ दाबावी, तर तेवढ्यांत सेकंदाचा पांचवा हिस्सा निघून जातो; द्रुत लयींत तेवढ्यांत निम्मी मात्रा सरते. म्हणजे पाहून कळ दाबणारा नेहमीं उशिराच पोंचणार. त्यानें सम येण्याच्या आधीं कळ दाबली पाहिजे. आणि सम केव्हां येणार हें कळण्यासाठीं त्याला तबल्याचा ठेका कळला पाहिजे, सोळा मात्रांचें आवर्तन मनांतल्या मनांत मोजतां आलें पाहिजे. फिल्मच्या काळांत तर एका रिळांत चित्रें छत्तीस, प्रकाश अपुरा, आणि दिव्याचा लखलखाट केला तर मैफलीचा भंग. किशोरीताई आमोणकरांच्या मैफलींत असा भंग करण्याची कोणाची छाती होती? सारांश, ज्याला आपण सहज टिपलेलें चित्र म्हणतों, तें अर्ध्या गवयानें टिपलेलें असतें.

याच ठिकाणीं एक शंका मला नेहमीं छळते. गातांना माणूस सुंदर दिसतोच असें नाहीं. भीमसेनजींचे हातवारे आणि मुद्रा ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना हें सांगावयास नको. ताणलेल्या शिरा, वांकडें तोंड, घामानें भिजलेलें कपाळ. ऐकणाऱ्याला त्याचें भान नसतें, कारण स्वर ती वेडीवांकडी मुद्रा धुऊन टाकीत असतो. चित्रांतून स्वर काढून घेतला कीं मुद्रा तेवढी उरते. मग असें चित्र छापावें कीं नाहीं? पोरांनीं त्याची टिंगल करावी आणि मास्तरांनीं ती ऐकून घ्यावी, असें प्रसंग माझ्यावर आलेले आहेत. तरीही माझें उत्तर छापावें असेंच आहे. मात्र छापणाऱ्यानें तें गाणें स्वतः ऐकलेलें असावें. ज्यानें ऐकलें आहे तो टिंगलीचें चित्र आणि समाधीचें चित्र यांतील अंतर जाणतो.

स्टुडिओंतील मृदु पंथाचे आमच्याकडील आचार्य म्हणजे गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११). रसायनशास्त्राचे पदवीधर, पुढें जाहिरातींच्या धंद्यांत वाढलेले, आणि 'चेहरे' या पुस्तकामुळें मराठी वाचकांना परिचित. लतादीदींचीं त्यांनीं घेतलेलीं चित्रें प्रसिद्धच आहेत. कधीं कधीं मला त्यांचा प्रकाश जरा अधिकच दयाळू वाटतो. सुरकुतीलाही कांहीं सांगावयाचें असतें. पण त्यांच्या चित्रांतील माणूस भ्यालेला नसतो, आणि हें लहान यश नव्हे. लतादीदींना स्वतःला छायाचित्रणाचा नाद होता. तेव्हां यंत्राच्या त्या बाजूला काय चाललें आहे, हें या बाजूला बसलेलीला ठाऊक असे. असा योग क्वचितच.

आमच्या वऱ्हाडचें नांव घ्यावयाचें तर मूर्तिजापूरला १९२० सालीं जन्मलेले वसंतराव देशपांडे. 'कट्यार काळजांत घुसली' या १९६७ च्या नाटकांतील खांसाहेबांच्या वेषांतील त्यांचें चित्र घरोघर ओळखतात. पण संरक्षण खात्याच्या हिशेबाच्या कचेरींत वर्षानुवर्षें खर्डेघाशी केलेला आणि तरी गळा तयार ठेवलेला तो कारकून मला त्याहून अधिक पहावासा वाटतो.

आणि आतां एक घरचीच गोष्ट. आमच्या राजुरांत चुन्याच्या भट्टीवर मजुरी करणारे एक भजनी बुवा होते. नांव सांगत नाहीं. त्यांचे नातेवाईक आहेत आणि बुवांना नांवाची हौसही नव्हती. दिवसा भट्टी, रात्रीं एकतारी. गळा भट्टीच्या धुरानें खरखरीत झालेला, पण सुराला असा पक्का कीं, पेटीवाल्याची पट्टी चुकली तर बुवा भजन थांबवून त्याच्याकडे नुसतें पाहत. मी नोकरीला लागून चार वर्षें झालीं होतीं, पगारांतून थोडे पैसे सांचले होते. म्हणून बुवांचा एक चांगला फोटो असावा, या हेतूनें त्यांना तालुक्याच्या गांवीं एका फोटोवाल्याकडे घेऊन गेलों. तेथें काय झालें तें आपण ओळखलेंच असेल. मागें हिमालयाचा पडदा, पुढें स्टूल, वर दोन दिवे. "बुवा, हालू नका. मान वर. इकडे बघा." बुवांनीं नवें धोतर नेसलें होतें; तें पोलीस चौकींत बसल्यासारखे बसले. दोन फोटो झाले. तिसऱ्याच्या आधीं त्या गृहस्थाला दिवा सरकवावयाचा होता, म्हणून तो वळला. तेवढ्या वेळांत बुवांना सवयीप्रमाणें वाटलें कीं, एकतारी उतरली आहे. त्यांनीं ती कानाशीं धरली, डोळे मिटले, खुंटी पिळली, आणि तारेवर बोट टाकून अगदीं हळू 'सा' लावला. दिवा सरकवतां सरकवतां फोटोवाल्याच्या हातून कळ दाबली गेली. "गेला फुकट," तो म्हणाला. आठ दिवसांनीं त्यानें दोन चांगल्या प्रतींचे पैसे घेतले, आणि तिसरी प्रत बिघडलेली म्हणून फुकट दिली.

मी ते दोन चांगले फोटो मोठ्या अभिमानानें बुवांच्या घरीं घेऊन गेलों. बुवांच्या मंडळींनीं ते हातांत घेतले, उजेडाकडे धरले, आणि परत दिले. "मास्तर, हे कोन व्हय?" मीं ओशाळून पिशवींतून तिसरा काढला. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पदरानें त्यांनीं तो पुसला, वास्तविक त्यावर पुसण्यासारखें कांहीं नव्हतें, आणि देवळींत ठेवला.

बुवा पुढें पांच वर्षांनीं गेले. त्यांचें भजन भरून घेण्याचें कोणाच्याही मनांत आलें नाहीं, माझ्याही आलें नाहीं. गांवांत टेप होते, माझ्या मेहुण्याकडे एक होता, पण बुवा काय, रोजचेच, असें वाटे. आज त्यांचा आवाज कोठेंही नाहीं. ती बिघडलेली प्रत मात्र त्यांच्या नातवाच्या घरीं आहे. मागच्या दिवाळींत मी पाहून आलों. चेहरा स्वच्छ आला आहे, डोळे मिटलेले, ओठ किंचित् उघडे. खुंटीवरचा हात हालला होता, म्हणून तो तेवढा धुकें धरल्यासारखा पांढरा दिसतो. नातवाची मुलगी पहिलींत आहे. ती त्या हातावर बोट ठेवून मला म्हणाली, "हे पहा, इथं बुवा वाजवून राहिले."